गोळी लागते म्हणजे नेमके काय होते?

बदलापूरच्या बारवी जंगलालगत किंवा मलंगगडाच्या पायथ्याला बिबट्या दिसल्याची बातमी आली की मोहल्ल्यात चर्चा सुरू होते. पिंजरा, वनखाते, भुलीचे इंजेक्शन हा खटाटोप कशाला, एक गोळी घातली की विषय संपला, असे कुणीतरी म्हणतेच. घरात लेकरेबाळे असणाऱ्याने असे म्हणावे यात नवल नाही. पण गोळी मोठ्या जनावराच्या अंगात शिरल्यावर काय करते, हे कळले की असे पटकन म्हणवत नाही. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

काडतूस ही वस्तू आपल्या भागाला परकी नाही. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी दारूगोळ्याला लागणाऱ्या पितळी भागांसाठी ओळखली जाते. काडतुसाच्या पुंगळीचे पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त. पुंगळीच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा दाबला की टोपी पेटते, दारूचा वायू होतो, पितळ फुगून नळीला घट्ट चिकटते आणि सगळा जोर पुढे गोळीला मिळतो. रायफलची गोळी सेकंदाला सातशे-आठशे मीटर वेगानेही निघते.

पुढचे सारे गोळीच्या घडणीवर अवलंबून असते. लष्करी गोळीतील शिशावर तांब्याचे पूर्ण कवच असते. ती पुष्कळदा आरपार जाते आणि आपला बराचसा जोर सोबत घेऊन जाते. शिकारीच्या गोळीचे टोक मात्र मऊ ठेवतात. अंगात शिरताच ते अळंबीसारखे पसरते, जखम रुंद होते आणि रक्तस्राव लवकर होतो. हरणासारख्या पातळ कातडीच्या जनावराला ती पुरते. गवा किंवा हत्ती यांच्यासमोर तीच गोळी जाड हाडावर चपटी होऊन थांबू शकते. तिथे न पसरणारी, टणक, खोल जाणारी गोळी लागते. म्हणजे गोळी फार मऊ असली तर आत पोहोचत नाही आणि फार कठीण असली तर लहान भोक पाडून निघून जाते.

पसरणाऱ्या गोळीचे नाव आपल्या देशाशी जोडलेले आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा गोळ्या तयार झाल्या. त्यावरूनच 'दमदम गोळी' हा शब्द जगभर गेला. 1899 च्या हेग परिषदेत युद्धात त्यांच्या वापरावर बंदी घालण्यात आली, कारण त्या माणसाला अकारण यातना देतात. शिकारीत मात्र तशीच गोळी योग्य मानली जाते, कारण तिथे जनावर लवकर मरावे हाच हेतू असतो.

तरीही गोळीपेक्षा नेम मोठा. बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यांपैकी बरेच 7 मिलिमीटरच्या लहान रायफलने. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो हे त्याला पक्के ठाऊक होते. उलट हृदयात गोळी बसलेले जनावरही काही क्षण धावू शकते आणि पोटात किंवा पायात लागलेले तर तासन् तास जगते. जखमी बिबट्या झुडपात दबा धरून बसला, तर त्याच्यामागे जाणे अनुभवी शिकाऱ्यालाही नको वाटते. जिम कॉर्बेटने 1907 मध्ये कुमाऊँत चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर 436 बळी सांगितले जातात. तिचे उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले होते. नेहमीची शिकार जमेना म्हणून ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेटचे मत होते. कुणाची तरी एक चुकलेली गोळी शेकडो घरांना भोवली.

गोळी भेदते की आघाताने मारते, हा प्रश्न आपल्या फिकहच्या ग्रंथांतही आला आहे. सूरह अल्-माइदामध्ये मार लागून मेलेले जनावर हराम सांगितले आहे. हजरत आदी बिन हातिम (रजि.) यांच्या हदीसनुसार, शस्त्राच्या टोकाने भेदलेली शिकार चालते, आडव्या फटक्याने मेलेली चालत नाही. बंदूक आल्यावर आलिमांसमोर पेच पडला. दमास्कसचे इब्ने आबिदीन यांच्या मते गोळी भाजून आणि वजनाच्या आघाताने मारते, धारेने नव्हे. यमनचे इमाम शौकानी यांनी मात्र गोळी भेदून जाते म्हणून बिस्मिल्लाह म्हणून झाडलेल्या गोळीची शिकार जायज मानली. जनावर जिवंत हाती आले तर जबह करणे आवश्यक, यावर दोन्ही बाजू एक आहेत. मुक्या जिवाला नेमबाजीचे लक्ष्य बनवण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे, आणि जबह करतानाही सुरी धारदार ठेवून जनावराचा त्रास कमी करण्याची ताकीद दिली आहे.

आज आपल्याकडे हौसेची शिकार गुन्हाच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि बिबट्या त्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. त्याला मारणाऱ्यास किमान 3 ते कमाल 7 वर्षे कैद होऊ शकते. तो माणसाच्या जिवाला धोका ठरला आणि पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नसेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतात. ठासणीच्या बंदुकीने रानडुकरावर चोरून बार टाकणाऱ्यालाही हा कायदा लागू आहे.

आणि गोळीवाचून काम होते, हे आपण पाहिले आहे. जानेवारी 2018 मध्ये उल्हासनगरच्या भर वस्तीत बिबट्या शिरला, तेव्हा त्याला भूल देऊनच पकडण्यात आले. भुलीचे औषध चढायला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात गर्दीने आरडाओरड केली, मोबाईल घेऊन जवळ गेली, तर घाबरलेले जनावर कुणावरही झडप घालते. म्हणून आपल्या गल्लीत बिबट्या दिसलाच, तर मुलांना आत घ्या, दारे-खिडक्या लावा, त्याला पळायला वाट मोकळी ठेवा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.