बालकांसाठी बॅले-संगीताची निवड

पाश्चात्य बॅलेचे संगीत आपल्या बालकांना परके वाटेल, असे मानण्याचे कारण नाही. ते मुळी अंगाच्या हालचालीसाठीच रचलेले असते. मुंबईत १९५२ च्या सुमारास शांती बर्धन यांच्या लिटल बॅले ट्रूपने नर्तकांना कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हलवून रामायण सादर केले. त्यामागील तत्त्व हेच होय.

आरंभास चायकॉव्हस्की यांच्या ‘नटक्रॅकर’ (१८९२) या बॅलेतील छोटे तुकडे घ्यावेत. रशियन नृत्य सव्वा मिनिटाच्या आसपास संपते व अखेरीस त्याची लय वाढते. लेझीम खेळणाऱ्या मुलास ती तत्काळ उमगते. अरबी नृत्य एका जॉर्जियन अंगाईवर आधारलेले असून मंद आहे. साखरपरीच्या नृत्यात चेलेस्टा हे वाद्य घंटिकेसारखे किणकिणते.

निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात : तुकडा तीन मिनिटांहून मोठा नसावा, एखादे वाद्य स्पष्ट उठून दिसावे, आणि ध्वनिमुद्रण पूर्ण वाद्यवृंदाचे असावे. ‘मुलांसाठी’ म्हणून यंत्रावर वाजविलेल्या सुलभ आवृत्तीत वाद्यांचे निराळेपण हरपते.

विक्रोळीसारख्या उपनगरात, लोहमार्गाच्या खडखडाटात, सूक्ष्म नादाकडे मुलांचे लक्ष मुद्दाम वेधावे लागते. खेड्यातील शाळेस शांतता सहज लाभते. तिचा लाभ घ्यावा. प्रथम मुलांनी निश्चल बसून ऐकावे, दुसऱ्या वेळी हालचाल करावी. कथा शिक्षकाने शेवटी सांगावी. ती आधीच सांगितल्यास मूल संगीत न ऐकता केवळ कथा शोधू लागते. चित्रकलेच्या तासास पार्श्वसंगीत म्हणून लावल्यास, संगीताकडे दुर्लक्ष करण्याचेच शिक्षण त्यास मिळते.