जुन्या कॉम्प्युटरमधली उधारी नव्या लॅपटॉपवर कशी आणायची?
नंदुरबारच्या मिरची बाजारातल्या पेढीची उधारी विंडोज ९८ मध्ये अडकलीय? पेनड्राइव्ह तिथे ड्रायव्हरशिवाय चालत नाही, पण मागे नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट असतो. लॅपटॉपला यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर लावा.

केबलला दोन फिमेल कनेक्टर, तीन वायरी: २ ला ३, ३ ला २, ५ ला ५. पिन २ ऐकते, ३ बोलते, ५ म्हणजे ग्राउंड. सरळ जोडलं तर दोघंही बोलणार, ऐकणार कोणीच नाही!

जुन्यावर हायपरटर्मिनल, नव्यावर टेरा टर्म उघडा. दोन्हीकडे स्पीड ९६००, डेटा ८, पॅरिटी नन, स्टॉप १, फ्लो कंट्रोल नन. फाइल झेडमोडेमने पाठवा; १ एमबीला साधारण १८ मिनिटं लागतात.

शेवटची बाकी जुळली, की मगच जुनं मशीन भंगारात द्या.