कृष्णवर्णीयांचे रॅप संगीत आणि ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’

‘रॅप’ हा शब्द आता आपल्या वस्तीतील मुलांच्याही तोंडी आहे. वडीलधाऱ्यांना मात्र तो नुसता गोंगाट वाटतो. खरे सांगायचे तर आमच्यापैकी काहींनाही पूर्वी तसेच वाटत असे. म्हणून हे गाणे कोठून आले, त्यामागे कोणता समाज उभा आहे आणि त्या समाजातील काही तरुणांनी १९९२ साली त्याला कसे वेगळे वळण दिले, याची थोडी माहिती विद्यार्थ्यांसाठी येथे देत आहोत.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, भाडेकरूंच्या एका इमारतीतील सभागृहात, एका मुलीने लहानसा समारंभ ठेवला होता. तिचा भाऊ डीजे कूल हर्क याने तेथे तबकड्या वाजविल्या. हे कुटुंब जमेकातून आलेले. गाण्यातील नुसत्या तालाचा तुकडा लोकांना नाचायला आवडतो हे हर्कने हेरले होते. दोन यंत्रांवर तबकड्या ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवीत असे. अशा तालावर लयीत, यमके जुळवीत बोलणे म्हणजे रॅप. नाच, भिंतीवरची चित्रे आणि हे सारे मिळून जी चळवळ झाली ती हिप हॉप. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलांनी घरातल्या जुन्या तबकड्यांचेच वाद्य केले, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

पुढे १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश व त्याच्या साथीदारांच्या ‘द मेसेज’ या गाण्यात गरीब वस्तीतील जगणे आले. १९८८ साली ‘पब्लिक एनिमी’ या संचाने उघड राजकीय भाषा वापरली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन गावच्या ‘एन. डब्ल्यू. ए.’ या संचाची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात टोळ्या, बंदुका आणि पोलिसांविषयीचा संताप होता. तो संताप खोटा नव्हता. परंतु बंदुकीचे गाणे अधिक खपते हे कंपन्यांच्या लवकरच लक्षात आले.

अशा वेळी दक्षिणेकडील अटलांटा शहरात ‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ हा संच उभा राहिला. नावाचा अर्थ ‘खुंटलेली वाढ’. आपल्या समाजाची वाढ कोणी खुंटविली, आणि आता ती खुंटलेली ठेवण्यात आपलाही काही हात आहे काय, असा दुहेरी प्रश्न या नावात आहे. १९८८ मध्ये हा संच ज्या दोघांनी स्थापला ते अटलांटातील एका कलाशिक्षण संस्थेत भेटलेले विद्यार्थी होते. एक टॉड थॉमस, ज्याने ‘स्पीच’ म्हणजे ‘भाषण’ हे नाव घेतले, आणि दुसरा टिमोथी बार्नवेल ऊर्फ हेडलायनर. स्पीच हा उत्तरेकडील मिलवॉकीचा. त्याच्या घरचे कृष्णवर्णीयांसाठी एक साप्ताहिक वृत्तपत्र चालवीत. समाजाच्या बातम्या आणि अन्यायाच्या तक्रारी ऐकतच तो लहानाचा मोठा झाला. सुरुवातीला या दोघांनीही दांडगाईचे रॅपच करून पाहिले होते. ‘पब्लिक एनिमी’ ऐकल्यावर त्यांनी वाट बदलली.

या संचात एक वृद्ध गृहस्थ होते, बाबा ओजे. १९३२ सालचा त्यांचा जन्म. म्हणजे संच गाजू लागला तेव्हा ते साठीचे होते. मिलवॉकीच्या विद्यापीठात स्पीचची त्यांच्याशी ओळख झाली. ते फारसे गात नसत. रंगमंचावर असत, नाचत, आणि संचाचे वडीलधारे म्हणून मान घेत. जे संगीत केवळ तरुणांचे म्हणून ओळखले जाते, त्यात एका आजोबांना मुद्दाम मानाची जागा देणे हे साधे नाही. तरुणांसोबत त्यांचे म्हातारेही मंचावर असावेत, असे या मुलांना वाटले. स्त्रियाही केवळ शोभेला नव्हत्या, गाण्यात आणि नृत्यात त्यांचा बरोबरीचा वाटा होता. आफ्रिकी छापाचे कपडे आणि शेतकऱ्याचा पोशाख असा त्यांचा वेष असे.

पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव विचित्र वाटेल: ‘३ वर्षे, ५ महिने आणि २ दिवस...’ अशा अर्थाचे. संच स्थापल्यापासून कंपनीचा करार हाती पडेपर्यंत नेमका तेवढाच काळ गेला होता.

ती २४ मार्च १९९२ रोजी निघाली. तिच्यातील ‘टेनेसी’ या गाण्याने संचाला नाव मिळवून दिले. स्पीचची आजी आणि थोरला भाऊ एकाच आठवड्यात गेले. आजी टेनेसी राज्यात राहत असे. दोघांची शेवटची भेट तेथेच झालेली. त्या दुःखात हे गाणे लिहिले गेले. देवाला उद्देशून ते सुरू होते, पण घरच्या दुःखापाशी थांबत नाही. गाणारा पूर्वजांच्या वाटेने चालू लागतो आणि ज्या झाडांना पूर्वजांना लटकविले गेले त्या झाडांपाशी जातो.

या झाडांचा अर्थ समजून घेतला पाहिजे. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली, परंतु दक्षिणेत गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांना पकडून झाडाला फाशी देण्याचे प्रकार पुढे कित्येक दशके चालले. १८७७ ते १९५० या काळातील अशा ४,४०० हून अधिक बळींची नोंद संशोधकांनी केली आहे. टेनेसीतीलच मेंफिस शहरात १८९२ साली तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना जमावाने ठार मारले. त्यांचा ‘गुन्हा’ एवढाच की त्यांचे किराणा दुकान गोऱ्या दुकानदाराच्या दुकानापेक्षा चांगले चालू लागले होते. आयडा बी. वेल्स या संपादिकेने त्याविरुद्ध लिहिले, तेव्हा तिचा छापखाना मोडण्यात आला आणि तिला ते शहर कायमचे सोडावे लागले. अशा दहशतीपासून आणि दारिद्र्यापासून १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेच्या व पश्चिमेच्या शहरांत गेले. शहरात वाढलेल्या नातवंडांना गाव म्हणजे अपमान, असेच वाटू लागले होते. स्पीचचे म्हणणे उलटे आहे. तो त्या मातीत परत जातो. जेथे मारले गेले तेथेच आपले शहाणपणही आहे, असे तो सुचवितो. गावकुसाची आठवण असलेल्या आमच्या वाचकांना या ओढीविषयी अधिक सांगावे लागणार नाही.

जाता जाता एक गोष्ट. या गाण्यात प्रसिद्ध गायक प्रिन्स याच्या एका ध्वनिमुद्रणातून ‘टेनेसी’ हा एक शब्द उचलून घेतला होता. त्या एका शब्दापोटी संचाला एक लाख डॉलर मोजावे लागले. जुन्या तबकडीचे वाद्य करणारी कला बाजारात आली की काय होते, ते यावरून दिसते!

‘मिस्टर वेंडल’ या गाण्यात एक बेघर माणूस आहे. त्याला नावाने, ‘मिस्टर’ लावून हाक मारली आहे, हेच त्या गाण्याचे अर्धे काम. या गाण्याच्या मानधनातील अर्धा वाटा संचाने बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिला. दुसऱ्या एका गाण्यात चर्चवर टीका आहे. दुःखी बाईला पाद्री सहन करायला शिकवितो, परिस्थिती बदलायला शिकवीत नाही, अशी ती तक्रार. भक्तिमार्गी कृष्णवर्णीय समाजात हे गाणे म्हणणे सोपे नव्हते.

मात्र ‘पीपल एव्हरीडे’ हे गाणे आम्हाला खटकते. चाल गोड, मूळ कल्पना स्लाय स्टोन याच्या जुन्या गाण्यावरून घेतलेली. त्यात नायकाच्या मैत्रिणीची छेड काढणारी टवाळ पोरे आहेत. नायक आधी समजावतो आणि शेवटी हाणामारी होते. छेड काढणे वाईटच. परंतु येथे गाणारा स्वतःला सुसंस्कृत आणि त्या पोरांना खालच्या प्रतीचे ठरवितो, तेही गोऱ्यांनी दिलेली शिवी वापरून. ती पोरे तशी का झाली हा प्रश्न ‘टेनेसी’ लिहिणाऱ्याने विचारावयास हवा होता. अमेरिकेतही या गाण्यावर हा आक्षेप घेतला गेला. शिकलेल्या माणसाने आपल्याच न शिकलेल्या भावाकडे कसे पाहावे, हा पेच केवळ त्यांच्याच समाजाचा नाही.

ध्वनिमुद्रिका निघाल्यानंतर महिनाभर उलटताच, २९ एप्रिल १९९२ रोजी, रॉडनी किंगला मारहाण करणाऱ्या पोलिसांना निर्दोष ठरविले गेले आणि लॉस एंजेलिस पेटले. लोक अशा वेळी अर्थ असलेले गाणे शोधतात. तिन्ही प्रमुख गाणी अमेरिकेत पहिल्या दहांत गेली आणि ध्वनिमुद्रिका ४० लाखांवर खपली. स्पाइक ली याच्या ‘माल्कम एक्स’ चित्रपटासाठी त्यांनी गाणे दिले. फेब्रुवारी १९९३ मध्ये त्यांना दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्यांपैकी उत्कृष्ट नवोदित कलावंताचा पुरस्कार मिळविणारा हा पहिला हिप हॉप संच.

पुढची चढण मात्र झाली नाही. १९९४ साली दुसरी ध्वनिमुद्रिका आली. तिला स्वाहिली भाषेतील नाव होते, अर्थ ‘संस्कृतीचे मधाचे पोळे’. आफ्रिकेचा विचार तिच्यात अधिक खोलवर होता, पण ती पहिलीच्या जवळपासही खपली नाही. तोवर डॉ. ड्रे याच्या पश्चिम किनाऱ्यावरील टोळी-रॅपने बाजार व्यापला होता. १९९६ साली संच फुटला. २००० साली तो पुन्हा जुळला आणि नव्या ध्वनिमुद्रिका काढीत राहिला. पहिल्यासारखी प्रसिद्धी नव्हती, पण निरनिराळ्या देशांतून कार्यक्रम होत राहिले. बाबा ओजे २०१८ साली वारले. साठीत नाव झालेला हा माणूस ऐंशी ओलांडेपर्यंत त्या संचाचा वडीलधारा म्हणूनच ओळखला गेला.