हळू वाजवण्याची मुभा

१९७३च्या डिसेंबरात टोकियोच्या शिबुया भागातील ‘जाँ-जाँ’ या तळघरातल्या छोट्या नाट्यगृहात त्रेसष्ट वर्षांचे ताकाहाशी चिकुझान शामिसेन घेऊन बसले. तिथल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण ऐकताना मला प्रश्न पडला : गाण्याच्या साथीचे वाद्य गाण्यावाचून उभे राहते कसे?

शामिसेन तीन तारांचे. सोळाव्या शतकात र्‍युक्यू बेटांवरून ते जपानच्या मुख्य भूमीवर आले. तिथल्या बिवावादकांनी बोटातली नखी काढून मोठी, पसरट ‘बाची’ हातात घेतली आणि आपल्या वाद्यातली ‘सावारी’ही त्याला दिली. सावारी म्हणजे जाड तार दांड्याच्या वरच्या टोकाशी लाकडाला निसटती लागून उठणारे गुंजन. तंबोऱ्याची जवारी ऐकलेल्या कानाला ते परके वाटत नाही; जवारी घोडीवर लावतात, सावारी दांड्यावर, एवढाच फरक.

उत्तरेच्या त्सुगारु प्रांतात हे वाद्य दणकट झाले. दांडा जाड, कातडे ताणलेले. बाची तारेबरोबर कातड्यावरही आदळते. चिकुझान यांचा जन्म तिकडचाच, १९१०चा. लहानपणी गोवराने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. एका अंध वादकाकडे शिकून ते दारोदार वाजवत फिरले. आवाज घरात पोचला तरच ओंजळीत काही पडणार. त्या आघातामागे मला ही गरज दिसते.

पुढे त्यांनी लोकगायक नारिता उंचिकु यांची साथ केली. ‘चिकुझान’ हे नाव उंचिकुंनीच दिलेले. गायकाने तोंड उघडण्यापूर्वीचा थोडा वेळ साथीदाराचा असतो. त्सुगारुचे एकलवादन त्या प्रारंभातूनच वाढले. चिकुझान यांची ‘इवाकी’ ही रचना त्सुगारुतल्या पर्वताचे नाव घेते आणि तिला एकाही शब्दाची गरज पडत नाही.

‘जाँ-जाँ’मध्ये ते मधूनमधून त्सुगारु बोलीत भटकंतीचे दिवस सांगत, श्रोत्यांना हसवत. मग पुन्हा वाजवत. आज या वाद्याच्या स्पर्धा होतात, तरुण वादक वेगावर टाळ्या घेतात. मी मात्र चिकुझान यांच्या संथ जागा पुन्हा ऐकतो. तिथे जाड तारेचे गुंजन पुरते विरेपर्यंत ते थांबतात. बंद दारासमोर असे थांबणे त्यांना परवडले नसते. तळघरातले श्रोते आधीच आत येऊन बसले होते.