नागराज मंजुळेंना नवखेच चेहरे का लागतात?

‘सैराट’ आला तेव्हा पोस्टरवरच्या पोरापोरीला कुणी ओळखत नव्हतं. तरी २०१६ च्या या सिनेमानं शंभर कोटींच्या पुढे गल्ला जमवला, मराठीत पहिल्यांदाच. लोक म्हणाले, नशीब! पण नवखे चेहरे घेणं ही मंजुळेंची आधीपासूनची पद्धत.

मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. सिनेमे बघत वाढलो, पण आपल्यासारखा दिसणारा हिरो पडद्यावर कधी दिसला नाही, हे ते मुलाखतींत सांगत आलेत. सगळं सुरू होतं ते इथून.

‘पिस्तुल्या’ या त्यांच्या शॉर्टफिल्ममधला सूरज पवार पुढे ‘फँड्री’त पिऱ्या झाला आणि ‘सैराट’मध्ये आर्चीचा भाऊ प्रिन्स. ‘फँड्री’च्या जब्यासाठी सापडला सोमनाथ अवघडे, हलगी वाजवणारा गावाकडचा पोरगा. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

शिकलेल्या नटाला हे जमलं नसतं का? अभिनय जमला असता. पण रिंकू राजगुरू अकलूजची. आर्ची ट्रॅक्टर घेऊन येते, पोरांना दम देते, तेव्हा तिच्या बोलण्यातला हेल कुणी शिकवलेला नाही. तो घरचाच आहे.

म्हणजे मंजुळेंचं अनुभवी नटांशी वाकडं आहे असंही नाही. जब्याचा बाप म्हणून किशोर कदमच लागतात. ‘झुंड’मध्ये (२०२२) तर खुद्द अमिताभ बच्चन आहेत, पण कॅमेरा रमतो झोपडपट्टीतल्या पोरांमध्ये. त्यातल्या अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला.

फरक कळायला २०१८ चा ‘धडक’ बघा. ‘सैराट’चा हा हिंदी रिमेक उदयपूरला गेला, जोडी आली सिनेमावाल्यांच्या घरातली. मूळ गोष्ट ज्या जातीच्या भिंतीवर उभी होती, ती भिंतच तिथे पुसट झाली. कन्नडवाले हुशार, त्यांनी रिमेकमध्ये रिंकूलाच घेतलं.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. ‘सैराट’नंतर रिंकूभोवती इतकी गर्दी व्हायला लागली की रोज शाळेत जाणं अवघड झालं. दहावीची परीक्षा तिनं १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. तिला पुढे कामं तरी मिळत गेली. राष्ट्रीय पुरस्कार घरात असलेल्या जब्याला पुन्हा नायक म्हणून पडद्यावर यायला कित्येक वर्षं लागली.