अडलेला हब

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की शहर मागे पडतंय असं वाटेपर्यंत कुंभारी येतं. विडी कामगार महिलांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीमुळे या गावाचं नाव महाराष्ट्रभर गेलं. तिथल्या १०,००० घरकुलांचा सोहळा २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाला होता. माझी आणि कुंभारीची ओळख मात्र घरकुलांनी नाही, एका घूं घूं आवाजाने करून दिली.

आवाज माझ्या जुन्या मारुती ८०० चा. वेग वाढला की तो वाढायचा. शहरातल्या एका गॅरेजने टायरला दोष दिला. टायर बदलले, पैसे गेले, आवाज तसाच. शेवटी कुंभारीतल्या एका पत्र्याच्या शेडसमोर गाडी थांबवली. मिस्त्रींनी बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वळताना कुठल्या बाजूला वाढतो?"

"उजवीकडे वळलो की."

"मग डावं चाक हाय की वो ते."

उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर कलतो आणि खराब बेअरिंग भाराखाली जास्त ओरडतं. चाक उचलून त्यांनी वर-खाली धरून हलवलं. खुळखुळलं.

अँबॅसिडर किंवा पद्मिनी असती तर काम सोपं होतं. त्या गाड्यांना ओढ मागच्या चाकांची. पुढचं चाक नुसत्या आसावर फिरायचं. टोपी, पिन आणि नट काढले की हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो तुकडा, बहुधा हातात यायचा. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुतीने इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना दिली. आता एक्सल दात्यांनी हबमध्ये घुसतो, हब बेअरिंगच्या आतल्या कडीत दाबून बसतो, आणि बेअरिंगची बाहेरची कडी नकलमध्ये, म्हणजे चाकाला तोलून धरणाऱ्या बिडाच्या तुकड्यात. एकात एक तीन ठिकाणी घट्ट. ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, पण गाड्या अजून चालतात, आणि हे तिन्ही सांधे दर पावसाळ्यात थोडेथोडे गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त जागा मागतो. फटच नसलेल्या ठिकाणी ही मागणी म्हणजे पाचरच. त्यात आपली काळी माती. सील फाटलं की पाण्याबरोबर आत जाते आणि वंगणाची खळ करून टाकते.

मातीवरून आठवलं. एसकेएफ ही बेअरिंगची जगप्रसिद्ध कंपनी १९०७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये सुरू झाली. तिचा संस्थापक स्वेन विंग्क्विस्ट कापडगिरणीत इंजिनिअर होता. गिरणीखालची चिकणमाती सरकायची, लांबलचक शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंगं जायची. त्या वैतागातून त्याने स्वतःला सावरून घेणारं बेअरिंग काढलं. गिरण्या आणि काळी जमीन दोन्ही पाहिलेल्या सोलापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मिस्त्रींनी चाक जमिनीवर असतानाच पोराला ब्रेक दाबायला बसवलं आणि एक्सलचा नट ढिला केला. गाडी उचलल्यावर तेवढा जोर लावला तर जॅकवरून कोसळायची. मग गाडी स्टँडवर. ब्रेकचा कॅलिपर काढून तारेने बांधला, रबरी नळीवर लोंबकळू दिला नाही. दात्यांवर गंज सोडवणारं तेल मारलं आणि म्हणाले, "चहा घ्या. घाईचं काम न्हाई हे."

मला वाटलं, आता घण निघणार. घणाने एक्सल निघतोही, पण तो मार आतल्या सांध्याला आणि आट्यांना बसतो. इथे पुलर निघाला. चाकाच्या बोल्टांवर तो आवळला, मधला स्क्रू एक्सलच्या टोकावर टेकवला, ताण दिला आणि थांबले. पुन्हा ताण, पुन्हा थांबणं. मग स्क्रूच्या डोक्यावर हातोडीचा एकच टोला. टण्ण! एक्सल बोटभर मागे सरकला.

नकल सुटी करून हब खेचला, तर तो निघाला बेअरिंग फोडूनच. गोळ्या शेडभर पळाल्या आणि आतल्या कडीचा अर्धा भाग हबवर चिकटून राहिला. नवखा इथेच हब वाया घालवतो. मिस्त्रींनी ग्राइंडरने कडीला तिरका काप दिला, हबला पातं लागायच्या आत हात आवरला आणि कापात छिन्नी ठेवून ठोकली. बेअरिंगचं पोलाद कडक, म्हणून ठिसूळ. ते तडकलं आणि कडी सैल झाली.

नकलमधली बाहेरची कडी लेथवाल्याच्या प्रेसवर निघाली. आधी लॉक काढलं, मग नकल गरम केली. हे तत्त्व गावात फार जुनं आहे. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतो तेव्हा ती गोवऱ्यांच्या जाळात तापवतो, फुगलेली धाव लाकडावर बसवतो आणि पाणी ओततो. धाव आवळते आणि आरे तुंब्यात गच्च बसतात. इथे हिशोब बारीक, एवढंच. ६० मिलिमीटरचं भोक १०० अंशांनी जास्त तापलं तर जेमतेम ०.०७ मिलिमीटर फुगतं. पण घट्ट बसवणीसाठी ठेवलेला फरकही साधारण तेवढाच किंवा त्याहून कमी असतो. नव्या बेअरिंगला मात्र जाळ दाखवायचा नाही. फार तापलं की सील आणि वंगण धोक्यात येतं, आणखी तापलं तर पोलादाचा कडकपणाही जातो.

नवं बसवताना मिस्त्रींचा एकच नियम होता: "जी कडी बसवायची, तिलाच दाबायचं." नकलमध्ये घालताना दाब बाहेरच्या कडीवर, हब घालताना आधार आतल्या कडीला. उलटं केलं तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो, कडीवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घूं घूं करतं. माझ्या मते, हबच्या कामात कुठे ठोकायचं नाही हे ज्याला कळलं, तोच खरा मिस्त्री.

अक्कलकोट नाक्यापर्यंत गाडी मुकाट आली. जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी मिस्त्रींनी भंगारात टाकली नव्हती. बाहेरून केसभर घासून खिळ्याला टांगून ठेवली होती. पुढच्या ८०० चं बेअरिंग दाबताना वरून टेकवायला ती नेमक्या मापाची असते.