बस कोठून जावी?

सकाळी नऊच्या सुमारास नाशिकच्या इंदिरानगरात रस्त्याच्या कडेला क्षणभर उभे राहावे. पाठीवर दप्तरे घेतलेली मुले शाळेकडे निघालेली असतात. अंबड व सातपूर येथील कारखान्यांत जाणारे कामगार घड्याळाकडे पाहत झपझप पावले टाकीत असतात. कोणाला नाशिक रोडला आगगाडी गाठावयाची असते, तर एखाद्या आजीबाई जुन्या गावातील दवाखान्यात जाण्यासाठी सुटे पैसे मुठीत धरून उभ्या असतात. मुंबई-आग्रा महामार्गाखालील बोगद्यापाशी वाहनांची दाटी झालेली असते. प्रत्येकास जावयाचे आहे, परंतु प्रत्येकाची दिशा निराळी आहे. साधने थोडी असता यांपैकी कोणाची सोय आधी पाहावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

हा प्रश्न नाशिकला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून आलेला लोहमार्ग नाशिक गावापासून बराच दूरून गेला. त्यामुळे स्थानक एकीकडे आणि गाव दुसरीकडे, अशी स्थिती झाली. ही उणीव भरून काढण्यासाठी १८८९ मध्ये नाशिक रोड ते नाशिक अशी ट्राम सुरू झाली. आरंभी तिचे डबे घोडे ओढीत असत. ही ट्राम १९३० नंतरच्या काही वर्षांतच बंद पडली. लोहमार्ग कोठून न्यावा, हे ठरविताना गावकऱ्यांना विचारण्याची रीत त्या काळी नव्हती. परंतु त्या निर्णयाचा परिणाम नाशिककर आजही अनुभवीत आहेत. मार्ग एकदा आखला गेला, की पिढ्यान् पिढ्या त्यालाच धरून चालाव्या लागतात. म्हणूनच तो आखण्यापूर्वी विचार करणे अगत्याचे असते.

पुढे मोटारींचे युग आले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि ‘एस. टी.’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी बसला. नाशिक शहरातील बससेवाही अनेक वर्षे एस. टी. महामंडळच चालवीत असे. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांच्या घरात पोहोचली होती. जुलै २०२१ मध्ये महानगरपालिकेने ‘सिटीलिंक’ या नावाने स्वतःची बससेवा सुरू केली. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या ‘मेट्रो निओ’ या योजनेसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. रबरी चाकांच्या आणि वरच्या तारांतून वीज घेणाऱ्या लांब गाड्या उन्नत मार्गावरून न्याव्यात, अशी ती कल्पना होती. तिचे दोन प्रमुख मार्ग गंगापूरहून निघून एक मुंबई नाक्याकडे व दुसरा नाशिक रोडकडे जावा, असे योजिले होते. असा मार्ग ज्या वस्तीजवळून जातो, तिचे दळणवळण वाढते. ज्या वस्तीला तो दूर पडतो, तेथील लोकांना त्या मार्गापर्यंत नेऊन सोडणाऱ्या बसची वाट पाहावी लागते.

आता एक लहानसे गणित करून पाहू. समजा, एका भागासाठी सहा बसगाड्या आहेत आणि एका गाडीला मार्गावरून जाऊन परत येण्यास एक तास लागतो. सहाही गाड्या एकाच मोठ्या रस्त्यावर सोडल्या, तर दर दहा मिनिटांनी बस मिळेल. परंतु तेवढ्याच लांबीचे तीन मार्ग करून प्रत्येकी दोन गाड्या दिल्या, तर प्रत्येक मार्गावर अर्ध्या तासाने बस येईल. पहिल्या योजनेत बस वारंवार मिळते. पण आतल्या गल्लीत राहणाऱ्यास ती गाठण्यासाठी पुष्कळ चालावे लागते. दुसऱ्या योजनेत बस घराजवळ येते. पण ती चुकली, तर अर्धा तास खोळंबावे लागते. घाईत असलेल्या कामगाराला पहिली योजना बरी वाटेल, तर गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना दुसरी. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि गाड्या मात्र सहाच आहेत.

येथेच लोकमताची आवश्यकता उत्पन्न होते. रस्त्याची रुंदी किती, गाडीस खर्च किती, या प्रश्नांची उत्तरे तज्ज्ञ देऊ शकतात. परंतु वेगाला अधिक मान द्यावा की जवळिकीला, हे मोजपट्टीने ठरत नाही. तो समाजाच्या निवडीचा प्रश्न आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराने २०१५ मध्ये आपले बसमार्ग नव्याने आखले. त्यापूर्वी नागरिकांपुढे हाच पर्याय स्पष्टपणे मांडण्यात आला होता. अखेरीस सुमारे ८० टक्के सेवा अधिक प्रवासी मिळणाऱ्या मार्गांना द्यावी आणि २० टक्के सेवा विरळ वस्त्यांसाठी राखून ठेवावी, असे ठरले.

आपल्याकडेही लोकांचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद कायद्याने केली आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यान्वये शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून त्यावर हरकती व सूचना मागवाव्या लागतात. कोणता रस्ता कोठे व्हावा, हे या आराखड्यातच ठरते. आणि रस्ताच नसेल, तर बस कोठून जाणार? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. याशिवाय वाहतुकीचा आराखडा तयार करताना घरोघरी जाऊन कोण, कोठे, केव्हा व कशाने प्रवास करतो, याची पाहणी करण्याचीही पद्धत आहे.

तथापि सूचना मागविल्या, म्हणजे सर्वांचे म्हणणे ऐकले गेले, असे मात्र होत नाही. ज्यास सवड आहे आणि ज्यास अर्ज लिहिता येतो, तो बोलतो. पहाटे चार घरची धुणीभांडी करण्यास निघणारी बाई सभेला येऊ शकत नाही. रात्रपाळी संपवून येणारा कामगार त्या वेळी झोपलेला असतो. वास्तविक ज्यांच्या दारी स्वतःचे वाहन नाही, त्यांनाच बसची निकड सर्वांत अधिक. आणि नेमका त्यांचाच आवाज सर्वांत क्षीण असतो. म्हणून केवळ आलेले अर्ज मोजून भागत नाही. थांब्यावर जाऊन, रांगेत उभ्या असलेल्या माणसाला विचारावे लागते.

नागरिकांचेही काही कर्तव्य आहे. ‘आमच्या भागात बस हवी’ एवढेच लिहिल्याने अधिकाऱ्यांना फारसा बोध होत नाही. तेच ‘आमच्या वसाहतीतून सकाळी सात वाजता इतकी मुले अमुक शाळेत जातात, त्यांना मुंबई नाक्यावर गाडी बदलावी लागते व तेथे इतकी मिनिटे थांबावे लागते,’ असे मोजून लिहिले, तर ती तक्रार न राहता माहिती होते. माहितीला उत्तर देणे भाग पडते. त्याचबरोबर, दुसऱ्या वस्तीची गरज आपल्यापेक्षा मोठी असेल, तर आपला क्रम मागे घेण्याची तयारीही असली पाहिजे. प्रत्येकाने आपलाच थांबा पुढे रेटला, तर बस थांबतच राहील. पोहोचणार कोठेच नाही.

बस ही सर्वांच्या पैशातून चालणारी, सर्वांच्या मालकीची वस्तू आहे. तीत शेजारी बसलेला मनुष्य कोण, हे आपणांस ठाऊक नसते. तरीही त्याच्यासाठी आपण सरकून जागा करून देतो. मार्ग ठरवितानाही तेच करावयाचे असते. सभेला येऊ न शकलेल्या माणसाकरिता तेथे थोडी जागा राखून ठेवणे, हीच लोकशाहीची खरी रीत होय.

अभ्यास

१. नाशिक रोड ते नाशिक ट्राम सुरू करण्याची गरज का भासली?
२. सहा बसगाड्यांच्या उदाहरणातील दोन योजनांचे गुणदोष सांगा. तुम्ही कोणती निवडाल व का?
३. ‘ती तक्रार न राहता माहिती होते,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. आपल्या घराजवळील बसथांब्यावर अर्धा तास थांबून तेथील प्रवाशांच्या अडचणी विचारा आणि त्यांवरून एक विनंती-अर्ज लिहा.